खिंडीतला पांढरा दगड

माझं व्रत साधं आहे. सकाळी डोळे उघडले की बोलायचं नाही. आंघोळ करून तेलाची वाटी आणि हाताने वळलेली वात घ्यायची, खिंड चढून पठाराच्या कडेला आईचं, आमच्या देवीचं, ठाणं आहे तिथे दिवा लावायचा, उतरून घरी यायचं, तुळशीला पाणी घालायचं आणि मग दिवसाचा पहिला शब्द. सासूबाई करत होत्या, त्यांच्या मागे मी करते. साक्रीकडचं आमचं गाव लहान, माझं मौन सगळ्यांना ठाऊक. वाटेत कुणी भेटलं तर नुसता हात जोडतं.

खिंडीची एक रीत आहे. वर जाताना वाटेतला एक दगड उचलायचा आणि खिंडीतल्या सपाट खडकावर ठेवायचा. उतरताना तोच दगड आपल्या हाताने उचलून दरीकडे सोडून द्यायचा. मग आईला कळतं, हा माणूस पुरता उतरला. जे उतरलेच नाहीत त्यांच्या दगडांची खडकामागे मोठी रास आहे. कुणी गुराखी असेल, कुणी मधाला गेलेला. त्या राशीकडे आम्ही पाठ करत नाही आणि फार वेळ बघतही नाही.

पठारावर पवनचक्क्या आल्या तेव्हा कंपनीने पलीकडून डांबरी रस्ता केला आणि आमच्या बाजूला खिंडीच्या पायथ्याशी फाटक लावलं. पूजेला जाणाऱ्या माणसाला फाटकातली दिंडी, माणसापुरतं लहान दार, उघडी असते, तेवढं कंपनीने मान्य केलं. आम्ही चक्क्यांना पंखे म्हणतो. सकाळी ऊन वर आलं की पंख्यांच्या पात्यांच्या सावल्या खिंडीतून फिरत जातात, सपाट खडकावरून जातात, राशीवरून जातात. सवय होते. झाली होती.

धुळ्याला माझी धाकटी बहीण हेमलता राहते. तिची मुलगी भूमिका बँकेत आहे आणि सुट्टीला डोंगरातून सायकल चालवते. जाड चाकांची सायकल, दगडधोंड्यातून उड्या मारत उतरणारी. मी एकदा विचारलं, यात काय मिळतं गं? म्हणाली, "मावशी, उतारावर सायकल सोडली ना, की डोकं रिकामं होतं. तुझ्या जपासारखं." मला ते पटलं होतं.

तिच्या सायकलवाल्यांचा म्होरक्या किरण. पठारावरून खिंडीतून उतरणारी आमची पायवाट त्यांना सायकलीसाठी हवी होती. कंपनी म्हणाली, गावाची हरकत नसेल तर आमची नाही. मग किरण गावात आला आणि पारावर बैठक बसली.

रोहिदास आबांनी सुरुवातच अशी केली, "भाऊ, आमना गाडाले रस्ता नही, आनी तुमनी सायकलले देवाना का?"

"आबा, आम्ही रस्ता मागतच नाही. खराब आहे तशीच वाट हवी."

"खराब पाहिजे? मंग बठ्ठा तालुका तुमना शे!"

आबांनी अख्ख्या तालुक्याच्या वाटा देऊन टाकल्या तसे सगळे हसले आणि हरकत तिथेच संपली. उठताना आबांनी एवढंच सांगितलं, दगड ठेवा आणि दगड उचला. किरण हसून म्हणाला, "आम्ही हेल्मेट घालतो, आबा." पण भूमिकेने त्याला दटावलं. "ठेवायचा म्हणजे ठेवायचा. माझ्या मावशीचं गाव आहे."

मार्गशीर्षातल्या एका रविवारी ती मंडळी आली. सायकली ढकलत खिंड चढली, प्रत्येकाने दगड ठेवला. भूमिकेने पांढरीशुभ्र गारगोटी शोधून आणली. "माझा ओळखू येईल," म्हणाली. दुपारी बाकीचे धुरळा उडवत उतरले, आपापले दगड दरीत भिरकावले. भूमिकेची सायकल पठाराच्या पलीकडच्या टोकाला बंद पडली होती. कंपनीची जीप तिकडून जात होती, जीपवाल्यांनी भूमिकेला सायकलसकट घेतलं आणि डांबरी रस्त्याने थेट धुळ्याला सोडलं. सगळ्यांना वाटलं, बरं झालं.

दुसऱ्या दिवशी मी दिवा लावायला गेले तर खडकावर गारगोटी तशीच.

तुळशीला पाणी घातलं आणि फोन केला. भूमिका म्हणाली, "अगं हो, राहिलाच! पुढच्या रविवारी येते ना."

पुढचा रविवार आलाच नाही. त्यांच्यातला कुणीतरी एका पंख्याच्या बुडाशी उभं राहून फोटो काढत होता, ते वरच्या साहेबाने पाहिलं होतं. फाटकावर निरोप आला, सायकल बंद. सायकलीशिवाय भूमिका कशाला येते, दगडाचं राहूनच गेलं.

त्यानंतर मला वाटेत चाकाचा माग दिसू लागला. खिंडीतल्या धुळीत ताजा, खवल्याखवल्यांचा, रोज सकाळी नवा. वरून उतरायचा, खडकापासून हातभर अंतरावर थांबायचा आणि वळून पुन्हा वर जायचा. फाटकावरचा नवल वॉचमन एकदा माझ्या मागे खिंडीपर्यंत आला. मी मौनात, त्यामुळे तोच बोलत होता.

"अक्का, तुमले ऐकू येस का? उतारवर सायकल सोडावर कशी टरटर वाजस, तशी. भर दुपारले. मी पाहस तं कोनीच नही." मग हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "मना कानमा मळ व्हई."

मी मागाकडे बोट दाखवलं. तो हसायचा थांबला.

तिकडे धुळ्यात भूमिका गप्प होत चालली होती. बँकेत जाईना. गॅलरीत बसून मान हळूहळू फिरवायची, वरून खाली, खालून वर, एका लयीत. हेमलता मला फोन करायची तो एकच प्रश्न विचारायला.

"ताई, पंखे सुरू झाले का गं आता?"

मी दारात येऊन बघायची. पाती नुकती हलायला लागलेली असायची. "झाले," मी म्हणायची, आणि फोनमध्ये तिचा हुंदका ऐकू यायचा. वारा पडला की पोरगी झोपायची, वारा सुटला की उठून बसायची. मध्ये एवढं अंतर, आणि तिला आमच्या वाऱ्याचा पत्ता आमच्या आधी लागत होता. डॉक्टर झाले, औषधं झाली.

मी सांगितलं, तिला घेऊन ये, तिचा दगड तिला उचलू दे. हेमलताला ते पटलं, पण अर्धंच पटलं. मी संकष्टीला पद्मालयाच्या गणपतीला गेले होते त्या दिवशी ती एकटीच गाडी करून आली. पूजेचं ताट घेऊन दिंडीतून वर गेली, गारगोटी उचलली, लाल कापडात गुंडाळली आणि घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवली.

"आणला गं बाई मी तिचा दगड," फोनवर तिचा आवाज किती दिवसांनी मोकळा होता. "कुंकू लावलं, रोज दुधाची धार धरते."

आपल्याकडे दगडाला एकदा कुंकू लागलं की तो देव होतो, मग तो कुणाचा राहत नाही. "हेमा, तो तिने उचलायचा होता. आणि देव नव्हता गं तो."

ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "दूध घालते ना, तेव्हा ती आतल्या खोलीतून म्हणते, आई गार लागतंय."

मी निघेपर्यंतही तिला धीर धरवला नाही. घाबरली. त्रास देणाऱ्या देवाचं आपण जे करतो ते तिने केलं. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि दगड पांझरा नदीत सोडला. वाहत्या पाण्यात, पुलावरून. कुठे पडला तेही दिसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून भूमिका उठायची तेव्हा तिचे केस ओले असायचे. अन्न समोर ठेवलं तरी खायची नाही.

मी रोहिदास आबांना विचारलं. ते म्हणाले, "पोर वर शे, अक्का. जशी गई तशीच उतरनार. सायकल लई, आपला हातनी दगड उचली. दगडच नही तं काय उचली ती?" म्हणजे तिने सायकल घेऊनच उतरायला हवं होतं.

मी मायलेकींना सायकलीसकट माझ्याकडे बोलावून घेतलं, पण हेमलताने पुन्हा काही करू नये म्हणून तिला मी बाहेर ओट्यावरच बसवलं. मुलगी माझ्याकडे झोपली. त्या रात्री वारा नव्हता, ती शांत होती. पहाटे उठले ती मौनातच, आणि घरातल्या देव्हाऱ्यात आईपुढे बसून मी मनाशी ठरवलं ते ठरवलं.

उजाडलं तसे आम्ही निघालो. भूमिका सायकल ढकलत होती, माझ्या पाठोपाठ, खेळण्यातल्या बाहुलीसारखी. वारा सुटला होता. तिची मान फिरत होती.

नवल फाटकापुढे उभा राहिला. "अक्का, तुम्ही जा, पोरले लई जा. सायकल नही. साहेबनी सांगेल शे." मी नुसती उभी राहिले. "आते तुम्ही बोलतस बी नही, मी काय समजू? कॅमेरा शे वर. मनी नोकरी जाई." मी उभीच. त्याने भूमिकेकडे पाहिलं. केसांतून पाणी निथळत होतं, आणि आमच्या वाटेवर पाण्याचा थेंब नव्हता. त्याने खिशातून किल्ली काढून कुलुपात घातली आणि मोठं फाटक उघडलं. "मी चहा पेवाले जास," म्हणाला आणि पाठ फिरवून चालू लागला.

खिंडीत आल्यावर मी वाटेतला एक काळा दगड उचलला आणि खडकावर ठेवला. रोजच्यासारखा, माझा. भूमिकेला ठेवू दिला नाही. ती तर अजून वरच होती.

ठाण्यापाशी दिवा लावला. पाती डोक्यावर घूं घूं करत होती. मी आईच्या पायावर डोकं ठेवलं, आणि जे मागायचं ते न बोलता मागितलं.

उतरताना खडकापाशी भूमिका थांबली. चाक खडकापासून हातभर अंतरावर. रोजचा माग थांबायचा तिथेच. खडकावर एकच दगड होता.

"मावशी," कितीतरी दिवसांनी तिने मला हाक मारली. "माझा पांढरा होता ना?"

मी बोलू शकत नव्हते. खोटं बोलले असते की नाही, तो प्रश्नच आईने माझ्यापुढे ठेवला नाही. मी बाजूला सरले आणि दगडाकडे हात केला. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पात्याची सावली आमच्यावरून गेली, परत आली. मी हात खाली घेतला नाही.

तिने वाकून दगड उचलला. दरीकडे सोडला. तो खडकांवर आपटत गेला, खाली, आणखी खाली, आणि मग आवाज संपला.

वारा तसाच होता. पाती तशीच फिरत होती. भूमिकेची मान मात्र थांबली होती.

"मावशी, भूक लागली गं," ती म्हणाली. तिने हेल्मेटचा पट्टा आवळला, सायकलवर बसली आणि उतारावर सोडली. टरटर आवाज खाली खाली जात राहिला, फाटकापाशी तिचं हसू ऐकू आलं. मी रिकाम्या खडकासमोरून एकटी उतरले. मागे वळून बघायचं नव्हतं, तरी राशीकडे नजर गेलीच.

घरी आले, तुळशीला पाणी घातलं. हेमलता माझ्या गळ्यात पडून रडत होती, भूमिका चुलीपुढे बसून भाकरी खात होती.

उन्हाळ्याच्या तोंडाशी कंपनीने रविवारी सकाळी सायकलींना वाट मोकळी केली. पंख्यांपासून लांब राहायचं आणि दगड ठेवायचा, उचलायचा. दुसरी अट नवलची आहे, तो फाटकातच सांगतो. भूमिका येते. आधी मला नमस्कार करून वर जाते, उतरली की दगड सोडल्याचा आवाज मी ओट्यावरून ऐकते.

मी आता खडकावर दगड ठेवत नाही. जी अजून वरच आहे तिला ठेवायचा नसतो. दारातला पडदा हलायच्या आधी मला कळतं की वारा सुटणार. खिंडीतल्या धुळीत रोज सकाळी अनवाणी पावलं उमटलेली असतात, वरून येतात, खडकापाशी थांबतात, वळून वर जातात. उजव्या पायाची करंगळी जरा वाकडी. माझीही आहे.

भीती वाटत नाही. आई आहे तिथे. फक्त कधी कधी तेलाची वाटी घेऊन ठाण्यापाशी पोचते तर दिवा आधीच लागलेला असतो. वात माझ्याच हातची वळलेली असते.