न पुसलेली उडी

मी एक जुने दंताळे आहे. एक दात तुटलेला, दांडा दोनदा बदललेला. लोहाराने मला बागेसाठी घडवले होते. पण फुलांच्या वाफ्यांत मन रमण्याआधीच माझी रवानगी मैदानावर झाली, लांब उडीच्या खड्ड्यापाशी.

तिथले काम सोपे. कुणी धावत येई, फळीवर पाय देई आणि वाळूत आदळे. अंतर मोजले की उडी मारणाऱ्यानेच मला उचलायचे आणि आपली खूण पुसून वाळू सारखी करायची. म्हणजे मित्रांनो, घाम त्यांनी गाळायचा आणि त्यावर पाणी मी फिरवायचे! या धंद्याची मला लाज वाटे.

पण तिथे शिकवणाऱ्या मावशींचा एक नियम होता. ज्याची उडी त्याच्याच कालच्या उडीपेक्षा बोटभर जरी पुढे गेली, त्याची खूण लगेच पुसायची नाही. सगळ्यांनी हातातले टाकून खड्ड्याभोवती जमायचे, वाकून ती खूण बघायची आणि टाळ्या वाजवायच्या. तेवढा वेळ मी भिंतीला टेकून स्वस्थ. काही न करता मिळणारा तो मान मला फार आवडे.

त्यांना मावशी सगळेच म्हणत. सख्खी भाची मात्र एकच, हरणी. धावणेच तसे, म्हणून हे नाव पडले. मोठ्या संघात जायचा तिला ध्यास. तिची सर्वांत लांब उडी जिथे पडली होती, तिथे खड्ड्याच्या काठाशी तिने लाल खुंटी ठोकली होती. आणि नेमका तेव्हाच तिचा गुडघा मोडला. शस्त्रक्रिया झाली, कुबड्या आल्या.

ती परतली तेव्हा तिची उडी खुंटीच्या पार अलीकडे पडली. मावशी मोजपट्टी काढेपर्यंत तिने मला उचलून सगळे पुसूनही टाकले. मग रोज तेच. एकदा तर मला इतक्या रागाने ओढले, की काठावर आपटून माझा दात तुटला. त्याचे मला दुःख नाही. दुःख याचे, की रोजची खूण कालच्यापेक्षा तसूभर पुढे होती आणि ती कुणी बघतच नव्हते. मी सांगणार कसे? मला दात होते, जीभ नव्हती.

एके संध्याकाळी ती म्हणाली, "मावशी, आता नाही जमत मला. उद्यापासून मी येणार नाही."

मावशींनी माझ्या दांड्यावर पाय ठेवला. "खुशाल नको येऊस. पण आजची उडी पुसायची नाही."

"काय बघायचंय त्यात? शाळेतल्या पोरी याच्यापुढे जातात!"

"तू त्या खुंटीपासून मोजतेस गं. मी तुझ्या पलंगापासून मोजते. उठून खिडकीपर्यंत गेलीस, तेव्हा दोघी रडलो होतो ना आपण?"

मावशींनी लाल खुंटी उपटली आणि आजच्या खुणेशेजारी ठोकली. मग सगळ्यांना हाका मारल्या. टाळ्या वाजल्या तेव्हा हरणी वाळूतच बसून हमसून हमसून रडली. दुसऱ्या दिवशी ती सर्वांच्या आधी हजर होती.

खुंटी हळूहळू पुढे सरकत राहिली. संघाची निवड आमच्याच मैदानावर झाली. हरणीची शेवटची उडी पडली आणि पंचांनी मान हलवली. थोडक्यात हुकले होते. एका माणसाने वाळू सारखी करायला मला उचलले.

"थांबा! पुसू नका!" हरणी लंगडत धावत आली. "ऑपरेशननंतरची सगळ्यात लांब उडी आहे ही माझी. मावशी, ये ना, बघ!"

दोघी वाकून बघत राहिल्या. मावशींनी बाहीला डोळे पुसले. मी परत भिंतीला टेकून उभा होतो, आणि तेवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

आता नवे, रुंद दंताळे आले आहे. मी कोठीमागे गंजत पडलो आहे. मित्रांनो, मला कधी तेलाचा हात लावलात तर बरे वाटेल. नाही लावलात तरी रुसणार नाही. पण आपली खूण पुसण्याआधी एकदा वाकून तिच्याकडे बघा. पुसायला काय, आम्ही आहोतच.