उजव्या बाजूचा बगल्या

झुलालने पुढे केलेला नारळ द्रौपदाबाईने घेतला नाही. झुलाल तिचा धाकटा दीर. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, तोंडावर आलेली, अन् हा नेहमीसारखा सरळ घरात न येता ओट्यावरच घुटमळत होता. तेवढ्यावरूनच तिने ओळखलं, याच्या पोटात काहीतरी आहे.

"आधी बोला," ती म्हणाली. "नारळ कुठी पळून नाही चालला."

आखाजीला त्यांच्या गावात बारागाड्या ओढायची रीत. बैलगाड्या एकीमागे एक साखळीने बांधायच्या, त्यात माणसं गच्च भरायची, आणि अंगात आलेल्या भगताने त्या मरीमायच्या देवळापर्यंत ओढत न्यायच्या. भगताच्या दोन्ही बगलांत हात घालून त्याला सांभाळणारे ते बगले. उजव्या बाजूचा बगल्या द्रौपदाबाईच्या घरचा. आधी सासरा, मग नवरा, मग तिचा जीवराम. फौजेत गेल्यावरही तो आखाजीला रजा घेऊन यायचा. मागच्या वर्षी शांतिसेनेबरोबर लंकेत असताना सुरुंग फुटला आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून तो नवा पाय घेऊन घरी आला, आणि माजघरातल्या खाटेवर जो पडला, तो पडलाच.

"वहिनी, पंचांचं ठरलं," झुलाल घसा खाकरून म्हणाला. "औंदा उजवीकडे आपला वना राहील."

"आपला कायचा? तुमचा पोरगा वना."

"तसं नका म्हनू. देवाचं काम हाये. खंडित मूर्ती आपन देव्हाऱ्यात ठेवतो का? तसंच हे. पन जीवरामचा मान राखू ना आपन. फौजेचा ड्रेस, मेडल घालून पहिल्या गाडीवर बसाडू त्याले. हार घालू. जामनेरहून फोटोवाला येनार हाये."

"खंडित?" द्रौपदाबाईने पदर खोचला. "तुमच्या तोंडात अर्धे दात नाहीत भाऊजी, तरी देवापुढे आरती तुम्हीच म्हनता ना? का ती देवाले ऐकू जात नाही? माझ्या पोराचा पाय काय चोरी करताना तुटला? अन् हार घालून गाडीवर कायले बसाडता? कापसाचा गठ्ठा हाये का तो?"

आतून जीवरामचा आवाज आला. "काका, बसतो मी गाडीवर. तिचं नका ऐकू."

झुलालने नारळ उंबऱ्यावर ठेवला आणि काढता पाय घेतला.

द्रौपदाबाई तरातरा माजघरात गेली. "बसतो? तुले लोक ओढतील, अन् तू बसशील? बापाने त्या गाड्यांपुढे रक्त आटवलं!"

जीवराम खाटेवर उठून बसला. इतके महिने तो हूं की चूं करत नव्हता. आज त्याचे डोळे लाल होते.

"काकांवर कायले ओरडते? मले मळ्यात कोन जाऊ देत नाही? तूच. लोक बघतील म्हने. परसात जायचं तरी म्हनते, अंधार पडू दे. शाळेतला गिरधर भेटायले आला, तर झोपलाय सांगून त्याले दारातूनच परत लावलं. काका आज बोलले ते. तू पहिल्या दिवसापासून तेच करून राह्यली."

तिचा हात उगारला गेला, तो तसाच राहिला. ती जास्तच भडकली. तिने दाराच्या दोन्ही फळ्या भिंतीवर आदळल्या. खाटेचा माचा धरला आणि पोरासकट ती खाट खरडत खरडत ओट्यावर आणली.

"पड आता इथी! बघू दे गावाले!"

रस्त्यावरची माणसं थबकली. जीवराम दातओठ खात तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पाय आन माझा."

त्या दिवसापासून तो मळ्यात जायला लागला. केळीच्या बागेत पाट वळवताना पडायचा, उठायचा. गुडघ्याखालचा खुंट सोलून निघायचा. रात्री ती तेल लावताना शिव्या द्यायची, देवाला, फौजेला, सुरुंग पेरणाऱ्याला. तो तेल लावून घेता घेता तिलाच शिव्या मोजायला सांगायचा.

आखाजीला जीवराम फौजेचा ड्रेस न घालता साध्या सदऱ्या-पायजम्यात आला. पहिल्या गाडीवर सतरंजी अंथरलेली, फोटोवाला तयार. तो गाडीला वळसा घालून पुढे गेला, जिथे आधार नावाचा भगत डोळे मिटून घुमत होता.

"जीवराम, वर बस, वर!" झुलाल ओरडला.

भगताची उजवी बगल वनाने धरली होती. त्याने बापाकडे बघितलं, जीवरामकडे बघितलं आणि बाजूला झाला. "ये दादा."

आरोळी उठली आणि गाड्या हलल्या. द्रौपदाबाई बायांच्या गर्दीतून धक्के देत बाजूने धावत होती. उतार लागला तसा गाड्यांना वेग आला. आणि तिला दिसलं, जीवरामच्या नव्या पायाचा पट्टा सुटला होता, पाऊल भलतीकडेच वळलं होतं. जीवराम भगताला बिलगला असता तर वाचला असता. पण त्याच्या भाराने भगतच चाकाखाली गेला असता. "वना!" तो ओरडला, हात काढून घेतला आणि स्वतःला नाल्याच्या बाजूला झोकून दिलं. शेजारून धावणाऱ्या वनाने झेप घेऊन बगल धरली. चाकं जीवरामच्या डोक्याशेजारून धडधडत गेली.

"अरेरे, बिच्चारा," कोणीतरी म्हणालं.

"कोन म्हनलं ते? पुढे ये!" द्रौपदाबाई गर्जली.

गाड्या देवळाशी थांबल्यावर झुलाल धापा टाकत मागे आला, पाठोपाठ वना. "वहिनी, मी म्हनलंच होतं..."

"काय म्हनले होते? त्याने हात सोडला नसता तर भगत चाकाखाली असता, अन् गाड्या गर्दीत घुसल्या असत्या! पुढच्या वर्षी उजवी बाजू कोनाची? आत्ता सांगा, गावासमोर."

झुलालची मान खाली गेली. "जीवरामची."

"नाही," जीवराम म्हणाला. तो मातीत बसून वनाच्या रुमालाने पाय बांधत होता. "वनाची. माझ्याच्यानं नाही होत ते, मी करून बघितलं. मले गाडीवर बसवायचं नाव काढू नका फक्त."

द्रौपदाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तीन पिढ्यांचा मान, आणि याने मातीत बसल्या बसल्या देऊन टाकला! भर गावात, तिला न विचारता! तिने वनाकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला. मग ती पाठ फिरवून घराकडे निघाली, रोजच्यासारखी भराभरा. कोणासाठी थांबली नाही.

मागून पायाची ठकठक येत होती. "माय, हळू चाल ना जरा!"

"पाय हायेत ना? चाल!" ती मागे न बघता ओरडली. "मान वाटायले बरा दम होता!"