बेंबळीची काठी

जोतं

मल्लिनाथ मिस्त्री निघताना कधीही ‘जातो’ म्हणाला नाही. तसं कुणीच म्हणत नाही, ते अशुभ. पण बाकीची माणसं ‘येतो’ म्हणून जातात आणि कधीतरी येतात. मल्लिनाथ गमछा झटकायचा, मोटारसायकलला किक मारायचा, “येतो बरं का वैनी!” म्हणायचा, आणि गाडी हायवेला लागली की ते ‘येतो’ जळकोटच्या फाट्यावरच उतरून जायचं.

वर्षाराणीनं हे पहिल्या दिवशीच ओळखायला हवं होतं. ती स्वतः ब्लाऊज शिवायची. ‘उद्या संध्याकाळी या, तयार असंल’ या एका वाक्यावर तिनं निम्म्या गावातल्या बायका झुलवल्या होत्या. पण घर बांधायला निघालेल्या माणसाची अक्कल पहिल्यांदा पायाच्या खड्ड्यात जाते आणि वरून मुरूम पडतो.

घर बांधायचं ते मामांसाठी. मामा म्हणजे तिचे सासरे हिंमतराव, एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. गल्लीतल्या जुन्या घरात न्हाणीत घसरले, खुबा मोडला, सोलापुरात ऑपरेशन झालं आणि वॉकर घेऊन परत आले. वॉकर सपाटीवर पळतो. जुन्या घराचा उंबरा मात्र हातभर उंच, खाली पायऱ्या. लोकांनी बगलेत धरून त्यांना आत नेलं, ते आतच राहिले. बाहेर न्यायचं नाव काढलं की भडकायचे.

“मला काय सोयाबीनचं पोतं समजलाव का? उचलायचं न्हाय. चालत येता यील तवा यीन भायेर.”

मग खोलीत बसून हायवेवरचे आवाज ऐकायचे. “ही उमरग्याची. क्लच घसरलालाय. पोरगं क्लचवरच पाय ठिवून झोपलंय जणू.” ऐकणारं कुणी नसलं तरी सांगायचे.

हायवेजवळचा प्लॉट वर्षाराणीनं याच आवाजांवरून पसंत केला. समोर ओटा, ओट्यावर खुर्ची, खुर्चीतून सगळ्या एस.ट्या दिसल्या पाहिजेत. आणि त्या खुर्चीपर्यंत मामांनी स्वतःच्या पायांनी जायला पाहिजे. नवरा इंद्रजित पुण्याला कंपनीत होता. त्यानं फोनवर सगळं ऐकलं आणि नवऱ्यांनी द्यायचा तो निर्णय दिला: “तूच बघ.”

भिंत

मल्लिनाथचा हात चांगला होता, हे त्याला शिव्या देणारेही कबूल करायचे. टेप खिशात असायचा, पण तो गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरता. खरं काम काठीवर. प्रत्येक घराची एक वेगळी काठी. तिच्यावर पेन्सिलीच्या खुणा: इथं खिडकी, इथं ओटा, इथं उंबरा. घर संपलं की काठी चुलीत.

“फरशी कंची टाकणार?” त्यानं सुरुवातीलाच विचारलं होतं. “टाइल घ्या. आरशावानी चकचक करती.”

“शहाबादी. खरबरीत असती तसली.”

“वैनी, आता शहाबादी कोण टाकतंय? गोठ्यात टाकत्यात.”

“टाइलवर मामा परत घसरले तर सोलापूरला तुम्ही बसणार का त्यांच्या उशाला?”

मल्लिनाथ हसला आणि काठीवरची उंबऱ्याची खूण त्यानं वर सरकवली. शहाबादी जाड, तिच्याखाली सिमेंटचा माल जाड, म्हणून उंबराही तेवढा वर. हिशेब डोक्यात पक्का.

भिंत मग भराभर वर आली. कमरेएवढी, खांद्याएवढी, एका बाजूनं तर खिडकीच्या वर गेली आणि दुसऱ्या बाजूला अजून दोन थर लावले की

“येतो बरं का वैनी!”

खिडकी

(मिस्त्री आले नाहीत. इथून नुसता वारा येतो.)

भिंत, पुढे चालू

जाताना मल्लिनाथ आपला ओळंबा ठेवून गेला होता. भिंत सरळ आहे की नाही ते बघायचं दोरीला बांधलेलं लोखंडी वजन. खिळ्याला अडकवून म्हणाला होता, “ही माझी अमानत. ओळंब्याबिगर मिस्त्री म्हंजी स्टेरिंगबिगर ड्रायव्हर. यावंच लागंल की मला.”

वर्षाराणी रोज तो ओळंबा बघून यायची. ओळंबा आहे म्हणजे मिस्त्री येणार.

फरशीचं माप घ्यायला नळदुर्गचा सैफ आला, तेव्हा हे भांडं फुटलं. सैफ फरशी बसवायचा, त्यामुळं आसपासची सगळी अर्धवट घरं त्याच्या पायाखालची. खिळ्याकडं बघून तो खो खो हसायला लागला.

“भाभी, ये अमानत है क्या? हमारे नळदुर्ग में बी एक लटकरी. इटकळला एक हाय. बेंबळीला त्याच्या साडूचं घर चाललंय, तिथं तर दोन हैत.”

“मग खरा कुठला?”

“खरा त्याच्या डिक्कीत. तो कुणाकडंच ठिवत नै.”

वर्षाराणीनं ओळंबा हातात घेऊन बघितला. ट्रॅक्टरचा गंजका नट होता, दोरीला बांधलेला. इतके दिवस ती एका नटाला मिस्त्री समजत होती.

उंबरा (बसवायच्या आधी)

मधल्या काळात घरात भांडण झालं. म्हणजे भांडण वर्षाराणीच्या बाजूनं झालं, सासू धुरपदाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

“आत्या, पुढच्या दाराला उंबरा नको.”

“बरं. मग भिंतीबी नकोत. छत बी नको. मोकळ्या रानात बसू.”

“अहो, मामांचा वॉकर...”

“उंबऱ्याबिगर घर म्हंजी गोठा. हळद-कुकू कुठं लावू म्या? तुझ्या वाकरला?”

वर्षाराणी आतल्या खोलीच्या दारात गेली. “मामा, तुम्हीच सांगा.”

हिंमतरावांनी खिडकीकडं तोंड केलं. बराच वेळ हायवेवरून काहीच गेलं नाही.

“उंबरा पायजे,” ते म्हणाले. “एका माणसापायी घराचा उंबरा मोडत्यात व्हय?”

धुरपदाबाईंचा शेंगा फोडायचा आवाज थांबला. वर्षाराणीनं सुताराला सागवानी चौकट सांगितली, खाली चांगला दणकट उंबरा असलेली. चौकट तयार होऊन आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्यापुढून येता-जाता वर्षाराणी प्रत्येक वेळी खाली बघायची. पोत्यासारखं उचलायचं, एवढंच मग उरत होतं. आणि मामा उचलू देणार नव्हते.

चौकट

“हॅलो, मिस्त्री? कुठं हाव?”

“निघालोय वैनी. गाडीवरच हाय.”

“गाडीवर कोंबडं ओरडतंय का?”

“ते... रस्त्यानं चाललंय.”

“तुमच्यासंगंच? बरंय. ऐका. नागरबाईचा ब्लाऊज झालाय.”

पलीकडं गाडी, कोंबडं, सगळं थांबलं. नागरबाई म्हणजे मल्लिनाथची बायको. अक्कलकोटला तिच्या भाच्याचं लग्न होतं. त्यासाठी घेतलेलं जरीकाठाचं कापड पावसाळ्यापासून वर्षाराणीच्या कपाटात पडलं होतं, आणि त्यावरून नागरबाई घरात काय बोलत असेल ते वर्षाराणीला न ऐकताही माहीत होतं.

“झाला? लई उपकार झाले वैनी. कवा न्यायला येऊ?”

“फोटो पाठवलाय. बघा.”

फोटोत ब्लाऊज होता. गळ्याला गोंडे, पाठीला नक्षी, काठ बरोब्बर जुळवलेला. आणि बाही एकच.

“दुसरी बाही?”

“दुसरी बाही चौकट बसल्यावर.”

“वैनी, ही जबरदस्ती झाली.”

“न्हाय हो. ही अमानत.”

सकाळी वर्षाराणी प्लॉटवर पोचायच्या आधी मल्लिनाथ तिथं उभा होता. केस विस्कटलेले, काठी काखोटीला, पाठीवर बायकोचं बोलणं स्पष्ट दिसत होतं. बेंबळीहून तो अंधारातच निघाला असावा. “पयलं चौकट,” एवढंच म्हणाला. काठी उभी केली, खूण बघितली, चौकट उचलली, ओळंबा सोडला (खरा), आणि चहा यायच्या आत चौकट भिंतीत बसली. धुरपदाबाई नारळ घेऊन रिक्षानं आल्या. पाच सवाष्णींनी चौकटीला हळद-कुंकू लावलं, आंब्याचे डहाळे बांधले. मल्लिनाथनं पेढा तोंडात टाकला आणि दोन्ही बाह्यांचा ब्लाऊज पिशवीत घातला.

“हूक तेवढे लावायचे राहिलेत,” वर्षाराणी म्हणाली.

“हूक?”

“खिडकी बसली की लावते. कंच्या टाचणीनं जमतंय का बघा तोवर.”

मल्लिनाथला हसू आलं. एका कसबी माणसाला दुसरा कसबी माणूस भेटल्यावर येतं तसलं.

“येतो वैनी,” तो म्हणाला. आणि यावेळी खरंच आला. छताचं काम त्यानं एका दमात संपवलं.

फरशी

सैफनं खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. दोरी म्हणजे फरशीचा वरचा काठ. तो एकदा खाली वाकला, पुन्हा वाकला, मग जमिनीला गाल लावून झोपलाच.

“भाभी, उंबरा किदर गया?”

“म्हंजे? चौकटीत हाय की.”

“हाय. पण फरशी टाकल्यावर नसंल. दोरी बघा. उंबऱ्याच्या डोक्याला डोकं लावून चाललीय.”

मल्लिनाथला हाक गेली. तो गवंडीकाम सोडून आला, दोरी बघितली आणि “छे, शक्यच न्हाय” म्हणत काठी घेऊन आला. काठी उभी केली. खूण दोरीच्या वर हवी होती, ती दोरीलाच टेकली होती. काठी उलटी करून बघितली. मग नीट निरखली. मग तिचा वास घेतला, का ते त्यालाच माहीत.

“ही काठी...” तो हळूच म्हणाला, “बेंबळीची हाय.”

साडूच्या घरात टाइल होती. पातळ टाइल, पातळ माल, म्हणून उंबऱ्याची खूण खाली. त्या सकाळी बायकोच्या धाकानं निघताना त्यानं अंधारात हाताला लागली ती काठी उचलली होती.

“मग आमची काठी?” वर्षाराणीनं विचारलं.

तेवढ्यात मल्लिनाथचा फोन वाजला. स्पीकर लावायची गरज नव्हती, साडूचा आवाज हायवेपर्यंत जात होता. “मिस्त्री! चौकट बसवून गेलाव का धरण बांधून गेलाव? आमची म्हातारी उंबरा चढताना विठ्ठलाचं नाव घेलालीय! शिडी लावू का दाराला?”

सैफ पोट धरून भिंतीला टेकला. मल्लिनाथनं फोन बंद केला आणि गमछ्यानं तोंड पुसलं.

“वैनी, चूक माझी. चौकट काढतो, वर उचलून परत बसवतो. भिंत थोडी फोडावी लागंल. दोन दिसाचं काम.”

हा उंबरा असाच राहावा, हे वर्षाराणीच्या तोंडून निघालं असतं तर ते सुनेनं सासूवर उलटवल्यासारखं झालं असतं. फरशी बघायला आलेल्या धुरपदाबाईंकडं तिनं बघितलंच नाही.

धुरपदाबाई चौकटीपाशी गेल्या. खाली बसल्या. उंबऱ्यावर हात फिरवला, मग दोरीवर फिरवला. दोन्ही एकाच पातळीत. बोटं मागं-पुढं नेऊन त्यांनी दोनदा खात्री केली.

“दोन दिसाचं काम?”

“दोनच, आत्या.”

“तुझं दोन दिस म्हंजी माझा नातू लग्नाला यील.” त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकत. “उंबरा हाय का न्हाय?”

“हाय की. सागवानी हाय.”

“पुजलाय का न्हाय?”

“पाच जणींनी.”

“मग झालं. वर आलाय का खाली गेलाय, लक्ष्मी काय टेप घिऊन येती व्हय?” मग सुनेकडं वळून, उगाच आवाज चढवून, “बघतीस काय? त्या पोराला च्या टाक. फरशी लावू दे.”

उंबरा (बसवल्यावर)

हिंमतरावांना जुन्या घरातून एकदाच उचलावं लागलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. “ही शेवटची खेप,” ते म्हणाले, “फुडं विनाथांबा.”

नव्या घरात वॉकर हातात आला. सैफची शहाबादी खरबरीत, वॉकरचे रबरी पाय तिच्यावर घट्ट बसत होते. टक. टक. हिंमतराव दारापाशी आले आणि सवयीनं थांबले. खाली बघितलं. फरशीच्या काळ्या-निळ्या रांगेत सागवानी पट्टी सपाट झोपलेली होती, तिच्यावर हळद-कुंकवाची बोटं ताजी होती.

“ह्यो काय?”

“उंबरा,” धुरपदाबाई मागून म्हणाल्या. “तुम्हीच म्हणलाव ना, उंबरा पायजे.”

“म्या म्हणलो व्हतो. पण ह्यो तर...” ते सुनेकडं बघायला लागले. सून मल्लिनाथकडं. मल्लिनाथ छताकडं.

“मिस्त्रीचं काम हाय मामा,” वर्षाराणी म्हणाली. “चुकलंय.”

हिंमतरावांनी मल्लिनाथला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “असलं चुकाया लई अक्कल लागती बाबा,” ते म्हणाले.

वॉकर पुढं. पाऊल पुढं. टक. ओटा. खुर्चीत बसेपर्यंत त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. समोरून सोलापूरकडं जाणारी गाडी गेली. हिंमतरावांनी हात वर केला, ड्रायव्हरनं ओळखलं की नाही कोण जाणे, पण हॉर्न मात्र दिला.

“टायमाला हाय,” ते म्हणाले. “क्लच न्हाय घसरत.”

मल्लिनाथनं थापी पिशवीत टाकली. खिडकीला अजून गज नव्हते, ब्लाऊजला अजून हूक नव्हते. बेंबळीला त्याला एक धरण फोडायचं होतं.

“येतो बरं का वैनी!”

“न्हाय येत त्यो,” हिंमतराव खुर्चीतून म्हणाले.

“येतोय मामा. हूक माझ्याकडं हायत.”

धुरपदाबाई नवऱ्यासाठी चहा घेऊन आतून आल्या. दारात त्यांनी लुगडं किंचित वर धरलं, पाय चांगला गुडघ्याएवढा उचलला आणि नसलेला उंबरा ओलांडला.