चढली का?

दारूचे दोन पेले रिचवूनही क्रेनवाला एका पायावर उभा राहिला, तेव्हा कारखान्याच्या जेवणघरात एकच गलका झाला. एरवी कामावर पिणाऱ्याची नोकरी जायची. पण चमत्कारी बाबांच्या पुडीपुढे नियम कोण विचारतो? पूड तासाभरापूर्वीच त्याच्या जिभेवर ठेवली होती.

"मद्य पोटात जाईल, मस्तकी जाणार नाही," बाबा डोळे मिटून म्हणाले. "विचारा त्याला, चढली का?"

"नाही चढली," क्रेनवाला म्हणाला. खोटं नव्हतं ते. ना तरतरी, ना गंमत. घसा तेवढा कोरडा पडला होता.

इथेच बिचारा अडकला. भोंगा झाला की वर केबिनमध्ये जायचं, आणि हुकाखाली सख्खा मेव्हणा उभा राहणार. मन कच खात होतं. पण चारचौघांत 'चढली नाही' म्हणून बसलेला माणूस 'मी वर चढत नाही' कुठल्या तोंडाने म्हणणार? शिवाय शंका घेणाऱ्याला पूड बाधते, अशी मेख बाबांनी आधीच मारून ठेवलेली. मुकादम तर हात जोडूनच उभा होता.

भोंगा झाला. शिडीपाशी बायको वाट अडवून उभी होती. कारखान्याच्या दवाखान्यात ती औषधं द्यायची. तिने त्याच्या बोटांमध्ये फूटपट्टी उभी धरली.

"सोडली की पकडा."

पट्टी खाली पडली. पुन्हा पडली. लोक हसले. तिसऱ्यांदा पडली तेव्हा कुणी हसलं नाही. मेव्हण्याने मात्र ती पहिल्याच खेपेला अर्ध्यावर पकडली. मग तिने नवऱ्याला श्वासातली दारू मोजणाऱ्या यंत्राच्या नळीत फुंकायला लावलं. यंत्राने भरपूर दारू दाखवली.

बाबा पिशवी उचलून सटकायला लागले, ती मेव्हण्याने ओढून घेतली. आत छोटा खलबत्ता आणि रक्तदाबाच्या जुन्या गोळ्यांची डबी.

बायकोने सगळ्यांना समजावलं. मेंदूत निकोटिन ज्या जागी चिकटतं, त्या जागा ही गोळी अडवते. दारूची थोडी मजाही तिथूनच येते. मजा कमी झाली तर पिणं कमी होईल का, हे संशोधक तपासताहेत. "पण रक्तातली दारू तेवढीच राहते. हात मंदावतात, आणि आपल्याला ते कळत नाही. रोज शिडी चढून-उतरून एका पायावर उभं राहणं तर यांच्या सवयीचं आहे."

क्रेनवाला शिडीपासून मागे सरला. मेव्हण्याकडे बघायची त्याला लाज वाटली.

"मला अजूनही चढलेली वाटत नाही गं," तो म्हणाला.

"म्हणूनच," म्हणत तिने केबिनची किल्ली काढून घेतली.

ती पट्टी आता शिडीपाशी टांगलेली असते. वर जाणारा आधी ती धरून दाखवतो. मंडळी, पिणाऱ्याची साक्ष काढू नका, बाबाची तर मुळीच नको. मोजून बघा.