चाळीस चिलखतं आणि एक पाटी

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. केस विस्कटलेले, दांडा दातांनी चावलेला. माझी गोष्ट सांगण्याआधी कुणाचा काय फायदा ठरला होता ते सांगतो. विजयसिंहरावांना आपल्या मंगल कार्यालयाच्या दारात काचेच्या पेटीत छोटा किल्ला, सैनिकांसकट, मांडायचा होता. आल्यागेल्याने वाहवा करावी, हा त्यांचा फायदा. चौसाळ्याच्या मकसूद पेंटरचं नाव त्या किल्ल्याखाली पितळी पाटीवर येणार होतं. जन्मभर त्यांनी लोकांच्या ट्रकवर लोकांचीच नावं रंगवली होती. माझा फायदा कुणी मोजला नाही. हाफिजाबींचाही नाही, आणि काम तर आम्हां दोघांचंच होतं.

मुळात मी ट्रकवरच्या अक्षरांसाठी आणलेला. केस फाकले तसं मकसूदभाईंनी मला भंगारात टाकलं. हाफिजाबी म्हणजे त्यांची बायको. त्यांनी मला उचलून धुतलं. सरळ केसांचा ब्रश रंग फासतो, फाकलेला नुसता शिवून जातो, हे त्यांनी ओळखलं होतं. बोटभर उंचीच्या चाळीस सैनिकांची चिलखतं त्यांनी आधी काळी केली. मग मला चंदेरी रंगात टेकवायच्या आणि फडक्यावर पुसायच्या, इतकं की रंग उरलाच नाही असं वाटावं. तसा कोरडा मी चिलखताच्या कड्यांवरून फिरलो की उंचवटे तेवढे चमकायचे, खाचा काळ्याच राहायच्या. काखेत त्या विटकरी रंगाचं पाणी सोडायच्या. घाम मुरतो तिथंच लोखंड गंजतं.

"हे कुणी शिकवलं तुला?" मकसूदभाईंनी विचारलं.

"तव्यानं. घासला जातो तिथं चमकतो, बाकी काळा. तुमी कधी घासला असता तर कळलं असतं."

ते हसले. मग त्या हळूच म्हणाल्या, "अजी, पाटीवर माझं बी नाव टाकायला सांगा की."

"सांगतो. जागा उरली तर."

दोन महिने दुपारभर आम्ही दोघंच. त्या माझ्याशी बोलायच्या नाहीत, पण एकेक सैनिक संपला की पुटपुटायच्या, "हा आला लढून." मला तेवढं पुरायचं.

एक दिवस सैनिक बघायला विजयसिंहराव घरी आले. एकाला चिमटीत धरून म्हणाले, "मकसूदभाई, लग्नाचं कार्यालय हाय आपलं, भंगाराचं दुकान न्हाई. नवरदेवाच्या वाटंवर गंजके शिपाई उभे करू का?"

लढाईतलं लोखंड असंच असतं, एवढं मकसूदभाईंना म्हणता आलं असतं. पण पाटी जायची भीती होती.

"बाईचं काम हाय, मालक. मी हात लावला न्हाई. उद्या चकाचक करून देतो."

पडद्याआड हाफिजाबी चहा ओतत होत्या. त्या सगळ्या कामात त्यांचा उल्लेख झाला तो एवढाच, आणि तोही नावानं नाही.

दुसऱ्या दिवशी मकसूदभाईंनी स्प्रे मारला आणि चाळीसही सैनिक ट्रकच्या नव्या बंपरासारखे चमकायला लागले. अर्धा तास लागला. हाफिजाबींनी मला रंगासकट खिडकीत ठेवलं, ते कायमचंच. रंग केसांत वाळला, मी काडीसारखा ताठ झालो. रोज त्या समोरून जातात, मी हाक मारू शकत नाही.

मित्रांनो, काम झालं की ब्रश लगेच धुऊन ठेवा. आणि काम ज्याचं, त्याचं नाव चार माणसांत घ्या. दोन्हींत उशीर झाला की मग घासून उपयोग नसतो.

विजयसिंहरावांना चमक मिळाली. मकसूदभाईंना एकट्याच्या नावाची पाटी मिळाली. माझे केस गेले, ते कधीतरी जायचेच होते. बाकी सगळी किंमत हाफिजाबींनी भरली.