बाटलीवर नाव आईचं

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. बाथरूमच्या दारात माझ्या मालकिणीनं सात वर्षांच्या लेकीच्या हातात एक छोटी बाटली दिली.

"यात शू कर, राणी."

"पण यावर तुझं नाव लिहिलंय!"

"कर गं गुपचूप. बस चुकेल माझी."

तिथंच माझं तोंड बंद झालं. मी त्या बाईची डावी किडनी बोलतेय.

मालकीण कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसते. तिला साखर आहे, चार वर्षं झाली. गोळी घेते, आठवली तर. साखरेबरोबर रक्तात चरबीही वाढते, हे तिला कुणी सांगितलंच नाही. साखरेचा मारा होताच, त्यात ती चरबी माझ्या बारीक बारीक गाळण्यांत साचत गेली. गाळण्या सैल झाल्या, आणि अंगात राहायची ती प्रथिनं लघवीतून गळू लागली.

दुखणं मला जमत नाही हो. माझं सगळं बोलणं लघवीतून. महिनाभर मी फेस पाठवत होते. तो तिनं पाहिला आणि ती घाबरली. रिपोर्ट वाईट आला तर मशीनवरून उठवतील! म्हणून कारखान्याच्या तपासणीला लेकीची लघवी गेली.

नर्सबाई म्हणाल्या, "ताई, रिपोर्ट कसा लहान लेकरासारखा आलाय!" बायका हसल्या. मालकीणही हसली, आणि हळूहळू तिला ते खरंच वाटायला लागलं. पायांना सूज आली तर म्हणे, "बसून बसून होतं."

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी आली. लेक बाटली हातात घेईना.

"आई, मला काय झालंय?"

"तुला? काही नाही गं."

"मग सारखी माझीच का तपासतात? मी वर्गात चॉकलेटपण नाही घेतलं. मलाही साखर झालीय ना?"

मालकीण ओल्या फरशीवरच बसली. तिनं लेकीला पोटाशी धरलं. "तुला नाही, राणी. मला झालंय. मीच भित्री." मग उठून दार लावलं आणि बाटली स्वतः भरली.

या वेळी रिपोर्ट पाहून नर्सबाईंनी थट्टा केली नाही. डॉक्टर म्हणाले, "सहा महिने आधी कळायला हवं होतं."

माझ्या कितीतरी गाळण्या गेल्या, त्या काही परत येणार नाहीत. ज्या उरल्यात, त्या गोळ्यांवर आणि पथ्यावर चालल्यात. मशीनचं काय, ते अजून कुणी बोललेलं नाही.

घरात कुणाला साखर असेल तर दरवर्षी त्यांची लघवी तपासून घ्या, रक्तातली चरबीही. बाटली ज्याची त्यानंच भरायची. मला ओरडता येत नाही, तुम्हाला येतं. शेजारणीला सांगा, आणि तिला म्हणावं, तुझ्या शेजारणीला सांग.