नाथाजींची तपकिरी बाटली

“अर्जुना, ती तपकिरी आधी फोड. सुनंचा भाऊ तिला न्यायला मुऱ्हाळी येतोय दुपारी. त्याच्या नजरंला पडाय नको.”

मनुबाई गवंड्याच्या कानात बोलल्या. पण त्यांची कुजबूज गोठ्यापर्यंत जाते. मोरीवर भांडी घासणाऱ्या नव्या सुनेनं, शिवांजलीनं, ऐकलं. मीही ऐकलं. ती तपकिरी बाटली मीच. पलूसच्या या घराच्या कुंपणभिंतीवर काचा रोवायचं काम चाललंय आणि मी पोत्यातून बोलतेय. वेळ थोडा आहे.

साताऱ्याजवळच्या माळावर बिअरची एक कंपनी होती. तिचं नाव माझ्या काचेतच उठवलंय. कागदासारखं ते निघत नाही. मी भरून जायची, रिकामी होऊन परत यायची, गरम पाण्यात न्हाऊन पुन्हा भरायची. रात्री माणसं मला गळामिठी घालायची. सकाळी ओळखसुद्धा द्यायची नाहीत.

ओळख ठेवली एकट्या नाथाजींनी, मनुबाईंच्या मालकांनी. पांढऱ्या दिव्यापुढं बावीस वर्षं बसून ते बेल्टवरून सरकणाऱ्या बाटल्या बघायचे. कुणाला चीर आहे, कुणाच्या पोटात माशी अडकलीय, ते बघून बाजूला काढायचे. त्या उजेडानं त्यांचे डोळे अधू झाले. स्वतः थेंब घेतला नाही. कंपनीला कुलूप लागलं त्या दिवशी बेल्टवर शेवटी मी उभी होते. मला सदऱ्यात गुंडाळून त्यांनी घरी आणलं.

मग मुलासाठी फलटणचं स्थळ आलं. “दारूच्या कंपनीत व्हता म्हनल्यावर कोन देतंय पोरगी?” मनुबाई म्हणाल्या, आणि पाहुण्यांना सांगितलं, साखर कारखान्यात होते. नाथाजींनी मान हलवली. बावीस वर्षं एका माणसानं मान हलवून पुसली. मी धान्याच्या पिंपामागं गेले.

आज पोत्यात टाकण्याआधी त्यांनी मला उन्हात धरून फिरवून बघितलं. सवयच ती. चीर नव्हती.

आता अर्जुनाच्या मुठीत माझी मान आहे. अहो, फोडायचीच तर त्यांच्या माघारी फोडा! त्यांच्या देखत नको! पण माझं कोण ऐकतंय? नाथाजी स्वतःच्या पायांकडं बघत उभे आहेत.

“बघतुयास काय? हान की!” मनुबाई म्हणाल्या.

हातोडा वर गेला. लग्नाला दीड महिना झाला, शिवांजली या घरात ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ एवढंच बोलली होती. ती खरकट्या हातांनी पुढं आली आणि तिनं अर्जुनाचं मनगट धरलं.

“आवं आत्या, माझ्या भावाला, आण्णास्नी, सारं ठावं हाय. बियर गाळून उरलेला जवाचा चोथा आमच्या म्हशींना लागायचा. आण्णा टेंपो घिऊन त्याच कंपनीत यायचं. गेटावर सांगायची मान्सं, हितनं कोरडा निगतूय त्यो योकटा नाथाजी. तुमी साखर कारखाना म्हनालासा, तवा तुमची मान खाली जाऊ ने म्हनून आण्णा गप बसलं. त्या नाथाजीच्या घरात दिलीया मला, साखर कारखान्यातल्या मानसाच्या न्हाई. मामा, घ्या ती बाटली.”